जमिनीची अवस्था उपग्रहावरून : ३० सेंमीची प्रतिमा घ्यावी की १० मीटर पुरे?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. क्षेत्र साधारण ४०० चौरस किमी, निमशुष्क, चढउताराचं. त्यात कोरडवाहू शेती, गवताळ माळ, विरळ झाडोरा, ओढ्यांच्या काठानं घळी आणि सखल भागात क्षारपडीचे पट्टे. यातली कोणती जमीन खालावतेय आणि कोणती सावरतेय हे नकाशावर आणायचं आहे आणि पुढची पाच वर्षं त्याच पद्धतीनं तपासत राहायचं आहे. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि पायथन हाताशी आहेत.

माझं मत असं, की दरवर्षी एकदा पूर्ण क्षेत्राची ३० सेंमीची (म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर ३० सेंमीचा) उपग्रह-प्रतिमा विकत घ्यावी आणि तिच्यावरून वर्गीकरण करावं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये बांध, झाड, उघडी माती सगळं कालवलेलं असतं. जितकं बारीक दिसेल तितकं बरं. पटत नसेल तर खोडून काढा, पण कारणासकट.

तिरकसराव

'जितकं बारीक तितकं बरं'... बसा आता. धाग्याची शंभरी नक्की.

आकडेमोड

आधी हिशेब. १० मीटरला एका चौरस किमीत १० हजार पिक्सेल. ३० सेंमीला १ कोटी ११ लाख. चार बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे), १६ बिट धरले तर चौरस किमीला सुमारे ८९ एमबी, म्हणजे तुमच्या क्षेत्राला ३५ जीबीच्या वर, तेही एका तारखेचं. मधल्या फायली धरून याच्या तिप्पट-चौपट जागा ठेवा. साध्या टिफची मर्यादा ४ जीबी असते. कम्प्रेस करून लिहिताना जीडॅलला (प्रतिमांच्या फायली हाताळणारं साधन) आधीच बिगटिफ (मोठ्या फायलींचं टिफ) करायला सांगितलं नाही तर लिहिणं अर्ध्यावर मोडू शकतं, आणि ते बहुधा रात्रभर चाललेल्या कामाच्या शेवटी कळतं.

दुसरं म्हणजे ३० सेंमी हा आकडा फक्त पॅनक्रोमॅटिक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या बँडचा. वर्ल्डव्ह्यू-३ उपग्रहाचा पॅन ३१ सेंमी आणि रंगीत बँड १.२४ मीटर. प्लेयाद निओचं ३० सेंमी आणि १.२ मीटर. कार्टोसॅट-३ चीही गत तीच, पॅन बारीक आणि रंगीत मीटरच्या वर. त्यामुळे एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढणार असाल तर खरं रिझोल्यूशन १.२ मीटर धरा. पॅन-शार्पन केलेल्या (पॅनच्या मदतीनं रंगीत बँड बारीक केलेल्या) प्रतिमेवर निर्देशांक काढू नका. पद्धत ग्राम-श्मिट असो की ब्रोव्ही, बँडची मूळ किंमत हलते. ती प्रतिमा डोळ्यांनी बघायला आणि रेषा आखायला ठेवा.

ओघळ

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर, पण घळींचं काय? १० मीटरमध्ये घळ दिसते ती एखाद्या ओढ्याएवढी झाल्यावर. वस्तू ओळखायची तर तिच्या रुंदीत किमान तीन-चार पिक्सेल बसले पाहिजेत. दीड-दोन मीटर रुंदीची घळ पकडायची म्हणजे ५० सेंमी किंवा त्याहून बारीक पॅन लागणारच. इथं धागाकर्त्याशी पूर्ण सहमत.

फक्त दोन अटी. एक, सकाळचा तिरपा सूर्य घळीला उठाव देतो, पण खोल घळीचा तळ सावलीत जातो. वर्षागणिक सूर्याची उंची बदलली तर सावलीची रुंदी बदलते आणि घळ 'रुंदावल्याचा' भास होतो. म्हणून मोजायची ती घळीची कड, सावली नव्हे. दोन, घळीचं तोंड वर्षात मीटर-दीड मीटर मागं सरकत असेल आणि तुमच्या दोन प्रतिमा एकमेकींवर दोन मीटरच्या फरकानं बसत असतील, तर तुम्ही मोजलेलं सगळं सरकणं प्रतिमांचंच असू शकतं.

खोली किंवा वाहून गेलेल्या मातीचं आकारमान हवं असेल तर स्टिरिओ जोडी (एकाच जागेच्या दोन कोनांतून टिपलेल्या प्रतिमा) मागवावी लागते. अरुंद, उभ्या काठांच्या घळीत मात्र दोनपैकी एका प्रतिमेत तळ झाकला जातो आणि तिथं उंची नुसती अंदाजानं भरली जाते. असा भरलेला भाग मास्क करून (मोजणीतून झाकून) वेगळा ठेवा.

कुसळ

सगळे बारकाईच्या मागे लागलेत. बँडबद्दल कुणी बोलणार आहे का?

निमशुष्क भागात वर्षातले बरेच महिने गवत वाळलेलं असतं. वाळलेलं गवत आणि उघडी माती या दोन्हींचा एनडीव्हीआय साधारण सारखाच येतो, ०.१५-०.२ च्या आसपास. जमिनीच्या दृष्टीनं फरक मात्र मोठा. गवतानं झाकलेली माती पहिल्या पावसात तग धरते, उघडी वाहून जाते. हा फरक दिसतो शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, २.१ मायक्रोमीटरच्या आसपास, कारण वाळलेल्या काडीतलं सेल्युलोज तिथं प्रकाश शोषतं. सेंटिनेल-२ चे बी११ आणि बी१२ हे बँड २० मीटरचे आहेत, त्यांचा फरक भागिले बेरीज एवढा साधा निर्देशांकही धसकटं आणि उघडी माती यांत बऱ्यापैकी फरक करतो. ओल्या मातीवर तो घसरतो, म्हणून पावसानंतरच्या तारखा वगळा.

३० सेंमीच्या बहुतेक उपग्रहांवर हे बँडच नाहीत. वर्ल्डव्ह्यू-३ वर आठ आहेत, ३.७ मीटरचे, पण ते वेगळे मागवावे लागतात. नेहमीच्या चार बँडच्या बंडलमध्ये निळा, हिरवा, लाल आणि एनआयआर (जवळचं इन्फ्रारेड) एवढंच मिळतं. थोडक्यात, 'बारीक' प्रतिमेत झाड मोजता येईल, पण माळ झाकलेला आहे की उघडा हे तिला सांगता येणार नाही.

क्षारपडीचंही तसंच. पांढरा थर सगळ्यात उठून दिसतो तो कोरड्या दिवसांत, पृष्ठभाग सुकल्यावर. पण कोरडी वाळू, चुनखडीची माती, नुकताच मुरमाड केलेला रस्ता हेही तितकेच पांढरे. एका तारखेवरून ठरवू नका. पावसाळ्यानंतरही पीक न उगवणारे आणि कोरड्या दिवसांत पांढरे पडणारे, असे दोन्ही निकष जुळले तरच क्षारपड म्हणा.

तिरकसराव

म्हणजे ३० सेंमीमध्ये प्रत्येक कुसळ दिसेल, फक्त ते कुसळ आहे की माती ते कळणार नाही. आयडी सार्थ!

ढगाळ

कुसळ +१. त्यात भर.

एका तारखेच्या प्रतिमेत नांगरून ठेवलेलं शेत, काढणी झालेलं शेत आणि खरंच उजाड झालेली जमीन या तिन्ही सारख्याच दिसतात. ३० सेंमी असो वा ३ सेंमी. यांना वेगळं करतो तो काळ. वर्षभराच्या सगळ्या स्वच्छ तारखा घेऊन प्रत्येक पिक्सेलचा ९० वा पर्सेंटाइल एनडीव्हीआय काढा. पेरलेलं शेत सहसा एकदा तरी ०.५ च्या वर जातं, उजाड जमीन वर्षभर खालीच राहते. कमाल घेऊ नका, ढगाची एखादी चुकार कड किंवा बिघडलेला पिक्सेल कमालीतच जाऊन बसतो. सेंटिनेल-२ ची दोन उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी येते, तेव्हा तारखांचा तोटा नाही.

आता नेहमीचे खड्डे.

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत, बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० पासून, प्रत्येक पिक्सेलच्या किमतीत १००० मिळवले जातात. परावर्तन काढताना आधी १००० वजा, मग १०,००० नं भागायचं. विसरलात तर काय होतं बघा : लाल ०.१०, एनआयआर ०.३० असेल तर खरा एनडीव्हीआय ०.५०. न वजा केलेल्या किमती २००० आणि ४०००, म्हणजे उत्तर ०.३३. एका रात्रीत सगळा मुलूख खालावलेला! उलट काही क्लाउड प्लॅटफॉर्मवर हा फरक आधीच काढलेला संच 'हार्मोनाइज्ड' नावानं मिळतो. त्यातून पुन्हा १००० वजा केले की गडबड दुसऱ्या बाजूला.

ढगांचा मास्क : एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) प्रतिमेसोबत येणाऱ्या एससीएल (प्रत्येक पिक्सेलचा प्रकार सांगणाऱ्या) थरात ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ ढग, १० विरळ सिरस, ११ बर्फ. एवढे वगळतातच. पण हा थर लखलखीत पांढऱ्या जमिनीलाही ढग समजतो. म्हणजे क्षारपडीचा जो भाग मोजायचा आहे तोच मास्कमध्ये उडतो आणि नकाशात भोकं पडतात. ओळखायची खूण सोपी. जो पिक्सेल जवळजवळ प्रत्येक तारखेला 'ढग' आहे तो ढग नाही. प्रत्येक पिक्सेल किती वेळा उडाला याचा एक नकाशा आधी काढा, आकार शेताचे-पट्ट्यांचे दिसले तर तिथं मास्क सैल करा.

चौकटराजा

ओघळ यांनी प्रतिमा एकमेकींवर न बसण्याचा विषय काढला, तो पुरता सोडवू या. विकतची प्रतिमा कामातून जाते ती बहुधा इथंच.

उपग्रह तिरका बघतो. बघण्याचा कोन २५ अंश असेल आणि तुमच्या डीईएममध्ये (जमिनीच्या उंचीचा नकाशा) २० मीटरची चूक असेल, तर जागा २० गुणिले टॅन २५, म्हणजे सुमारे ९.३ मीटरनं सरकते. ३० सेंमीच्या प्रतिमेत ते ३१ पिक्सेल झाले! म्हणून मागणीतच लिहा : कोन १५ अंशांपर्यंत, आणि दरवर्षी शक्य तो त्याच बाजूनं. कोन कमी ठेवला की तारखा कमी मिळतात, हे खरं. पण डोंगरउतारावर तडजोड तारखेत करावी, कोनात नको.

प्रतिमा 'ऑर्थो-रेडी' घ्या, आरपीसी (प्रतिमेतला बिंदू जमिनीवर कुठे पडतो ते सांगणारी सूत्रं) फाइलसकट, आणि ऑर्थोरेक्टिफाय (तिरकेपणा, चढउतार यांमुळे सरकलेली जागा दुरुस्त) स्वतः करा, सगळ्या वर्षांसाठी एकच डीईएम वापरून. पुरवठादारानं केलेल्या ऑर्थोमध्ये पुढच्या वर्षी डीईएम बदलला तर तुम्हाला पत्ता लागत नाही.

आणि हे जरा जवळून बघा. आरपीसीला उंची हवी असते एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणिती गुळगुळीत आकार). कोपर्निकस डीईएमची उंची असते ईजीएम२००८ या जिऑइडपासून (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग), एसआरटीएम डीईएमची ईजीएम९६ या जिऑइडपासून. एलिप्सॉइड आणि जिऑइड यांतलं अंतर जागेनुसार शून्यापासून शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतं. समजा तुमच्याकडे ते ६० मीटर आहे. दुरुस्ती न करता डीईएम दिला, तर २५ अंशांच्या प्रतिमेत सगळं चित्र २८ मीटरनं एकाच दिशेला सरकतं. बघणारा म्हणतो आरपीसी खराब आहे आणि ताणून बसवायला लागतो. आधी डीईएमला जिऑइडचा फरक मिळवा, मग बघा.

त्यानंतर ८-१० नियंत्रण बिंदू (जमिनीवरची जागा नेमकी माहीत असलेले) : रस्त्यांचे काटकोनी छेद, सिमेंटच्या ओट्यांचे जमिनीलगतचे कोपरे. झाडाचं टोक, छपराची कड, पाण्याची कड नको. तेवढेच वेगळे बिंदू केवळ तपासणीसाठी ठेवा. बसवण्यात वापरलेल्या बिंदूंची चूक कमी आली यात नवल काहीच नाही.

नवखा_पायथन

वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका, हे सगळं आता एआय करत नाही का? तयार मॉडेल आहेत, प्रतिमा टाकली की शेतांच्या सीमा, झाडं सगळं सुटं करून देतात.

कुसळ

सुटं करून देतात, नाव देत नाहीत. सेगमेंटेशन (प्रतिमेचे सुटे तुकडे पाडणारं) मॉडेल कड शोधतं. आतली जमीन पडीक आहे की पेरायची राहिली आहे, हे त्या कडेत नसतं. शिवाय एका प्रकारच्या मातीवर, एका ऋतूत शिकलेलं मॉडेल दुसरीकडे आणलं की तांबडी माती 'छप्पर' होते.

झाडं मोजायला मात्र जरूर वापरा. विरळ झाडोऱ्यात ५० सेंमीवर एकेक मुकुट सुटा दिसतो. सावलीला झाड म्हणून मोजलं जातंय का, एवढं आधी शंभरेक झाडांवर तपासा.

आकडेमोड

एआय असो की रँडम फॉरेस्ट (वर्गीकरणाची एक पद्धत), शेवटी 'अचूकता ९३ टक्के' असं लिहून नकाशा देतात. त्या आकड्यात काय लपतं ते बघा.

तुमचं क्षेत्र ४०,००० हेक्टर. समजा नकाशा म्हणतो ४,००० हेक्टर खालावलेली. तपासणीसाठी खालावलेल्या वर्गात १०० बिंदू यदृच्छेनं टाकले, ८० बरोबर निघाले. उरलेल्या ३६,००० हेक्टरात २०० बिंदू टाकले, त्यांतले १० प्रत्यक्षात खालावलेले निघाले. म्हणजे ५ टक्के.

खरा अंदाज : ४,००० चे ८० टक्के ३,२००, अधिक ३६,००० चे ५ टक्के १,८००. एकूण ५,००० हेक्टर. नकाशाच्या पिक्सेल मोजून आले होते ४,०००. एकूण अचूकता ९३.५ टक्के, आणि तरीही खालावलेल्या जमिनीतली ३६ टक्के नकाशाला दिसलेलीच नाही.

९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर येते ५,००० अधिक-उणे सुमारे १,१३५ हेक्टर. पुढच्या वर्षी '२५० हेक्टर सुधारली' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यायचं. यातली ९० टक्क्यांहून जास्त अनिश्चितता त्या मोठ्या 'बऱ्या' वर्गातून येते. तिथले बिंदू २०० चे ८०० केले की मर्यादा ६३० च्या आसपास उतरते. खालावलेल्या वर्गात बिंदू वाढवून फारसं हाती लागत नाही, आणि सगळे वाढवतात मात्र तिथंच.

म्हणून माझ्या मते ३० सेंमीच्या प्रतिमेची खरी जागा इथं आहे. नकाशा १० मीटरवर करा, आणि हे हजारभर बिंदू तपासायला बारीक प्रतिमा वापरा. बिंदूला उत्तर देणाऱ्यानं नकाशातला वर्ग आधी बघायचा नाही, ही अट पाळा.

तिरकसराव

इतक्या गंभीर चर्चेत कुणी विचारलंच नाही, हेक्टर मोजले कोणत्या प्रोजेक्शनमध्ये? वेब मर्केटरमध्ये मोजले असतील तर २० अंश अक्षांशावर १३ टक्के फुगतात, ४५ वर दुप्पट, ६० वर चौपट. जमीनधारणा वाढवायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

आकडेमोड

@तिरकसराव, विनोद बाजूला, पण हे फार जणांचं होतं. पार्श्वभूमीला गुगलचा थर सगळ्यात आधी टाकला की क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट गुपचूप ३८५७ वर, म्हणजे वेब मर्केटरवर जातो. यूटीएम किंवा समक्षेत्र प्रोजेक्शन लावा. आणि तो पार्श्वभूमीचा थर पुरावा म्हणून वापरू नका. शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असतात, रंग जुळवलेले असतात आणि एनआयआर नसतोच.

ओघळ

नकाशा १० मीटरवर, तपासणी ३० सेंमीवर, हे तत्त्वतः मान्य. अडचण मागणीची आहे. हजार बिंदू ४०० चौरस किमीत विखुरलेले. सुट्ट्या बिंदूभोवतीची प्रतिमा सहसा मिळत नाही, जुन्या साठ्यातूनही बहुतेक ठिकाणी साधारण २५ चौरस किमीचा सलग तुकडा घ्यावा लागतो, आणि नव्यानं टिपून घ्यायची तर त्याहून बराच मोठा. चार तुकडे घेऊन बिंदू त्यांतच टाकले तर ते गठ्ठ्यानं पडले. मग तुमचं वरचं सूत्र लागू होत नाही, अनिश्चितता दिसते त्याहून जास्त असते.

आकडेमोड

मान्य. गठ्ठ्यानं घेतले तर दोन टप्प्यांचं सूत्र वापरावं लागेल आणि चार गठ्ठे फारच कमी. त्यापेक्षा पहिल्या आणि पाचव्या वर्षी पूर्ण क्षेत्र बारीक प्रतिमेत घ्या, मधली वर्षं फक्त १० मीटर.

ढगाळ

याला अनुमोदन. दोन्ही बारीक प्रतिमा एकाच ऋतूत, दोन-तीन आठवड्यांच्या फरकात. मागणीत ढग १० टक्क्यांपर्यंत लिहितात, पण ती टक्केवारी सबंध क्षेत्रावर मोजली जाते. सगळे १० टक्के नेमके घळींवर बसले तरी मागणी 'पूर्ण' धरली जाते. महत्त्वाच्या भागाची वेगळी सीमा देऊन तिथं शून्य ढगाची अट घाला.

अजून एक. पाच वर्षांत पाऊस वर-खाली होणारच. सलग तीन ओली वर्षं आली की सगळं 'सुधारलेलं' दिसेल. लँडसॅटचा ३० मीटरचा साठा १९८० च्या दशकापासून फुकट आहे. प्रत्येक पिक्सेलचा वार्षिक एनडीव्हीआय पावसाशी जुळवा आणि पावसानं न उलगडणारा जो भाग उरतो त्याचा कल बघा. लँडसॅट कलेक्शन २ च्या लेव्हल-२ (पृष्ठभागाच्या परावर्तनाच्या) किमतींना ०.००००२७५ नं गुणून ०.२ वजा करायचे असतात, आणि लँडसॅट-७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या प्रतिमांत पट्टे गाळलेले आहेत. लँडसॅट-५, ७ आणि ८ चे बँड नेमके सारखे नाहीत. न जुळवता जोडलेत तर २०१३ ला सगळीकडे थोडी 'सुधारणा' दिसते.

माळरान (धागाकर्ता)

मंडळी, दंडवत. दरवर्षीची मागणी बाद, पहिलं आणि पाचवं वर्ष ठेवतो. घळींपुरता मात्र ओघळ यांच्या बाजूनं आहे : ओढ्यांच्या दोन्ही बाजूंची ५०० मीटरची पट्टी तिसऱ्या वर्षीही बारीक प्रतिमेत घेणार. अशी नागमोडी आकृती मागणीत चालते का?

चौकटराजा

चालते, पण किमान रुंदीची अट असते. बहुतेक ठिकाणी काही किमी. एक किमीची पट्टी दिलीत तर रुंदावून घ्यावी लागेल आणि क्षेत्र जवळजवळ अर्ध्या मुलखाएवढं होईल. मागणीआधी पट्टीची सीमा पुरवठादाराच्या साठ्यावर टाकून बघा. घळींच्या भागाची तिसऱ्या वर्षातली एखादी प्रतिमा आधीच टिपलेली असेल तर तीच घ्या, कोन आणि तारीख तपासून.

परवान्यातही दोन गोष्टी वाचा : कितीजणांना मूळ प्रतिमा देता येते, आणि तिच्यावरून आखलेल्या सीमा-नकाशे खुले करता येतात का. सहसा आखलेलं खुलं करता येतं, मूळ पिक्सेल नाही. आणि प्रत्येक प्रतिमेबरोबर आलेली मेटाडेटाची एक्सएमएल फाइल जपून ठेवा. सूर्याची उंची, बघण्याचा कोन आणि दिशा तिच्यातच असतात. पाचव्या वर्षी सावल्यांवरून वाद झाला तर तीच कामी येईल.

ओघळ

आणि पहिल्या वर्षी घळीच्या कडा आखणाराच तिसऱ्या वर्षी आखेल असं बघा. जमलं नाही तर नव्या माणसाकडून पहिल्या वर्षाच्या वीसेक घळी जुन्या रेषा न दाखवता पुन्हा आखून घ्या. दोघांच्या रेषांत जेवढं अंतर पडेल त्याहून कमी सरकणं अहवालात लिहू नका.